साल्दो म्हणजे शिल्लक, देणे की सेल? इटालियन कागद वाचायची रीत

इटलीत शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपली मुले एका शब्दापाशी हमखास अडखळतात. शब्द आहे साल्दो. घरमालकाचा निरोप येतो, 'साल्दो ८४० युरो, ३० तारखेपर्यंत'. भाषांतराचे अ‍ॅप साल्दोचे 'बॅलन्स' करून मोकळे होते. वाचणाऱ्याला वाटते, आपलेच ८४० युरो त्यांच्याकडे जमा आहेत. तो निवांत बसतो आणि मुदत उलटून जाते. ते पैसे त्याने द्यायचे होते.

दुसऱ्या दिवशी हाच शब्द बँकेच्या अ‍ॅपवर दिसतो, आणि तिथे तो खरोखरच आपला पैसा असतो. बाजारात दुकानाच्या काचेवर साल्दी लिहिलेले असते, त्याचा अर्थ सेल. डॉक्टर 'मानो साल्दा' म्हणाले तर पैशाचा काही संबंधच नाही.

अर्थांची यादी पाठ करून हा गुंता सुटत नाही. खाली दिलेल्या क्रमाने कागद वाचला तर सुटतो. टप्पे ओलांडून थेट आकड्यावर जाऊ नका. बहुतेक चुका तिथेच होतात.

## तयारी: वाचायला बसण्याआधी

पूर्ण कागद समोर घ्या. साल्दो असलेली एकच ओळ अ‍ॅपमध्ये टाकायची सवय सोडा. हा शब्द एकटा काहीच सांगत नाही. त्याच्या आधीचा छोटा शब्द, नंतरचे विशेषण आणि कागद पाठवणारा, या तिघांवर सगळे अवलंबून असते.

आकडे वाचायची पद्धत पक्की करा. इटलीत हजारासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, म्हणजे आपल्या बरोबर उलट. '१.२५०,००' हे साडेबाराशे युरो आहेत, सव्वा युरो नव्हे. घाईत फोनवर पाहिले की ही चूक शहाण्यासुरत्या माणसाकडूनही होते.

मनातल्या मनात 'बॅलन्स' हा शब्द बाजूला ठेवा. आपल्याकडे त्यापेक्षा नेमके शब्द आहेत: खात्यातली शिल्लक, द्यायची उरलेली बाकी, दुकानातला सेल, आणि वस्तू किंवा माणूस भक्कम असणे. प्रत्येक वेळी या चारांपैकी एकच निवडायचा आहे. 'बॅलन्स' म्हटले की पैसा कोणाकडून कोणाकडे जातो तेच झाकले जाते, आणि नेमके तेच तर शोधायचे असते.

## टप्पा १: आधी शब्दाचे रूप पाहा

अर्थाकडे वळण्याआधी व्याकरणाची ही छोटी चाळण लावा.

* इल साल्दो: नाम, एकवचन. पैशाचा हिशोब. शिल्लक की बाकी, हे पुढच्या टप्प्यात ठरेल.
* ई साल्दी: नाम, अनेकवचन. रस्त्यावर आणि जाहिरातीत दिसले तर हंगामी सेल. बँकेच्या कागदावर मात्र 'अनेक खात्यांच्या शिलकी' असाही अर्थ होतो.
* इन साल्दो: सेलमध्ये लावलेला माल.
* आ साल्दो: पूर्ण फेड म्हणून, उरलेले सगळे चुकते करण्यासाठी.
* नामाला जोडून येणारे साल्दो, साल्दा, साल्दी, साल्दे: विशेषण. घट्ट, स्थिर, भक्कम. नामाच्या लिंगवचनाप्रमाणे शेवट बदलतो.
* वाक्यात कर्ता नसताना साल्दो: क्रियापद, 'मी चुकते करतो'. 'साल्दो दोमानी' म्हणजे 'उद्या चुकते करतो'. कोणी असे म्हणाले तर शिलकीचा विषय नाही, तो पैसे देण्याचा शब्द देतो आहे.

सावध: शेवटी 'ई' आहे म्हणून सेल समजू नका. 'नेर्वी साल्दी' म्हणजे डोके शांत ठेवून, न डगमगता. इथे साल्दी हे नेर्वी या शब्दाचे विशेषण आहे.

## टप्पा २: कागद कोणाचा, आणि 'तुमचे' कोणत्या बाजूला

आता पाठवणाऱ्याचे नाव वाचा. बँकेकडून आले असेल तर साल्दो बहुधा शिल्लक असते. घरमालक, हॉटेल, दुकानदार, दंतवैद्य, नळदुरुस्तीवाला किंवा नगरपालिका यांच्याकडून आले असेल तर बहुधा तुमच्याकडची बाकी.

'बहुधा' असे जपून म्हणतो आहे, कारण शेवटचा निकाल दोन शब्द लावतात: क्रेदितो आणि देबितो. 'साल्दो आ वोस्त्रो क्रेदितो' म्हणजे तुमच्या बाजूने जमा. 'आ वोस्त्रो देबितो' म्हणजे तुमच्या नावे देणे निघते, ते तुम्ही द्यायचे. बँकेच्या पत्रकावर साल्दोशेजारी 'देबितो' दिसले तर खाते उणे गेले आहे. उलट विजेच्या कंपनीच्या पत्रात 'क्रेदितो' असेल तर चक्क तुमचेच पैसे परत यायचे आहेत.

पत्रकाच्या रकान्यांवर दारे आणि आवेरे असे मथळेही असतात. तुमच्या खात्याच्या पत्रकात दारेखाली गेलेले पैसे आणि आवेरेखाली आलेले. शब्दशः अर्थ 'देणे' आणि 'असणे' असले तरी ते लावत बसू नका, रकान्यातली एखादी ओळखीची नोंद पाहा. पगार किंवा घरून आलेले पैसे ज्या रकान्यात आहेत तो जमेचा.

तपासा: इथवर आल्यावर 'हे पैसे कोण कोणाला देणार?' याचे उत्तर एका वाक्यात देता आले पाहिजे. येत नसेल तर पुढे जाऊ नका, पाठवणाऱ्याला विचारा. प्रश्न शेवटच्या टप्प्यात दिला आहे.

## टप्पा ३: बँकेचे साल्दो, आणि त्यातले दोन आकडे

अ‍ॅप उघडले की अनेकदा दोन साल्दो दिसतात. साल्दो कोन्ताबिले म्हणजे खात्यात नोंदल्या गेलेल्या सगळ्या व्यवहारांनंतरची शिल्लक. साल्दो दिस्पोनीबिले म्हणजे या क्षणी प्रत्यक्ष खर्च करता येईल ती रक्कम. दोन्ही आकडे खरेच असतात, पण भाडे भरायला उपयोगी दुसराच.

समजा कोन्ताबिले ८२०,०० आहे. हॉटेलने कार्डावर १५०,०० अडवून ठेवलेत आणि कालची ३८,५० ची खरेदी अजून नोंदली गेलेली नाही. दिस्पोनीबिले झाले ६३१,५०. भाडे ६५०,०० असेल तर ते जाणार नाही, जरी वरचा मोठा आकडा पाहून निर्धास्त वाटले तरी.

उलट फसगतही होते. तुम्ही चेक भरलात की तो कोन्ताबिलेत लगेच मिळवलेला दिसू शकतो, पण वटेपर्यंत तो खर्चायला नाही. आणि बँकेने तुम्हाला उणे जाण्याची सवलत (तिला फीदो म्हणतात) दिली असेल, तर दिस्पोनीबिले तुमच्या खऱ्या पैशापेक्षा जास्त दिसू शकते. ती उधारी आहे, बचत नव्हे.

मासिक किंवा तिमाही पत्रकावर (एस्त्रात्तो कोन्तो) 'साल्दो इनित्सियाले' ही आरंभीची आणि 'साल्दो फिनाले' ही अखेरची शिल्लक असते. आरंभीच्या शिलकीत जमा मिळवून आणि खर्च वजा करून अखेरची जुळते का, एवढे पाहिले तरी पुरे.

क्रेडिट कार्डाच्या करारात हाच शब्द वेगळ्या कामासाठी येतो. 'कार्ता आ साल्दो' म्हणजे महिन्याचा सगळा खर्च पुढच्या महिन्यात एकरकमी खात्यातून कापला जाणारे कार्ड. हप्त्याने, व्याज लावून फेडायचे कार्ड वेगळे, त्याला 'रिव्हॉल्व्हिंग' म्हणतात. काउंटरवर कोणी 'हप्ते सोयीचे पडतील' म्हणून आग्रह केला तर सहीआधी कोणते कार्ड आहे ते वाचा. माझे मत विचाराल तर नव्याने आलेल्याने आ साल्दोच घ्यावे.

### शिष्यवृत्तीच्या अर्जातले साल्दो

महाराष्ट्रात बसलेल्या आईवडिलांना थेट भिडणारा साल्दो हा आहे. इटलीतल्या प्रादेशिक शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या आर्थिक स्थितीचा निर्देशांक काढतात, त्याला ईझे म्हणतात. कुटुंबाचे उत्पन्न परदेशात असेल तर 'ईझे पारिफिकातो'. त्यासाठी बँकखात्यातली ३१ डिसेंबरची शिल्लक लागते, आणि तीही गेल्या वर्षाची नव्हे तर त्याच्या आधीच्या वर्षाची. म्हणजे २०२५ च्या ईझेसाठी ३१ डिसेंबर २०२३ ची.

आपल्याकडे आर्थिक वर्ष मार्चला संपते. त्यामुळे बँकेत जाऊन 'बॅलन्स सर्टिफिकेट द्या' म्हटले की ३१ मार्चचा किंवा त्याच दिवसाचा आकडा हातात पडतो. तो चालत नाही. मग पुन्हा शाखेत खेटे, पुन्हा भाषांतर, पुन्हा खर्च. शाखेत जाताना तारीख कागदावर लिहून न्या आणि शिक्का मारण्याआधी ती प्रमाणपत्रावर वाचा.

साल्दोच्या शेजारी जाचेन्त्सा मेदिया हा रकाना दिसला तर तिथे तोच आकडा पुन्हा लिहू नका. ती वर्षभरातली सरासरी शिल्लक असते. ती खात्याच्या वर्षभराच्या उताऱ्यावरून काढावी लागते, म्हणून शाखेतून तो उताराही आणा.

तपासा: प्रत्येक खात्यासाठी तारीख, चलन आणि खातेदाराचे नाव या तिन्ही गोष्टी प्रमाणपत्रावर आहेत का? त्या वर्षी विद्यापीठाने काढलेल्या सूचनापत्राशी त्या ताडून पाहा.

## टप्पा ४: देण्याचे साल्दो

सर्वात महाग चुका इथे होतात. या अर्थाचे साल्दो बहुधा एकटे येत नाही. त्याच्या आधी काहीतरी दिलेले असते. ते आक्कोन्तो होते की कापार्रा, हे आधी शोधा.

आक्कोन्तो म्हणजे उचल, एकूण किमतीतला आगाऊ दिलेला भाग. कापार्रा म्हणजे आपला इसार. जमिनीच्या व्यवहारात इसारपावती पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. इटालियन दिवाणी संहितेच्या कलम १३८५ प्रमाणे 'कापार्रा कोन्फेर्मातोरिया' देणाऱ्याने व्यवहार मोडला तर समोरचा ती ठेवून घेऊ शकतो. घेणाऱ्याने मोडला तर देणारा दुप्पट मागू शकतो. नुसत्या आक्कोन्तोला हा नियम लागत नाही. तुमच्या पावतीवर दोहोंपैकी कोणता शब्द लिहिला आहे ते पैसे देण्यापूर्वीच पाहा. नंतर पाहून उपयोग नाही.

आता साल्दो. क्रम असा ठेवा:

१. एकूण रक्कम शोधा. 'तोताले' या शब्दाशेजारी ती असते. समजा सुट्टीच्या घराचे १.२००,०० आणि तुम्ही कापार्रा म्हणून ३६०,०० दिलेत.

२. दिलेले वजा करा. उरले ८४०,००. साल्दोचा आकडा हाच आला पाहिजे. जास्त असेल तर सफाई, पर्यटक कर असे काही वर चढवले आहे का ते विचारा. शेवटच्या बिलात (फात्तूरा आ साल्दो) आधीची उचल वजा दाखवलेली नसेल तर पैसे पाठवूच नका.

३. कधी द्यायचे ते वाचा. 'एन्त्रो इल ३०' म्हणजे ३० तारखेपर्यंत. 'आल्ला कोन्सेन्या' म्हणजे माल हातात पडताना. 'आल्लार्रीवो' म्हणजे पोहोचल्यावर. 'स्कादेन्त्सा' या शब्दाशेजारची तारीख ही अखेरची मुदत. बँकेतून बँकेत पैसे जायला कामाचा एखादा दिवस लागू शकतो, म्हणून शेवटच्या संध्याकाळची वाट पाहू नका.

४. पाठवताना कारण लिहा. बँक हस्तांतरात (बोनीफिको) काउझाले नावाचा रकाना असतो. तिथे 'साल्दो', बिलाचा क्रमांक आणि तुमचे नाव लिहा. पैसे मित्राच्या खात्यातून जात असतील तर हे विसरून चालणार नाही. नाहीतर देणारा एक, बिल दुसऱ्याचे, आणि समोरचा हिशोबनीस हैराण.

सावध: अर्धेच पैसे पाठवत असाल तर काउझालेत साल्दो लिहू नका. 'आक्कोन्तो सू फात्तूरा' असे लिहा. साल्दो म्हणजे 'आता काही उरले नाही' असा दावा असतो, आणि तो खोटा ठरला की वादाला तोंड फुटते.

कराच्या कागदावरही हीच जोडी दिसते. घरपट्टीसारखा इमू हा कर १६ जूनला आक्कोन्तो आणि १६ डिसेंबरला साल्दो असा भरतात. डिसेंबरचा हप्ता म्हणजे डोळे मिटून उरलेला निम्मा नव्हे. त्या वर्षासाठी नगरपालिकेने ठरवलेल्या दराने पूर्ण वर्षाचा कर काढून, जूनमध्ये भरलेला वजा करून तो येतो. भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्याला इमूची चिंता नाही.

## टप्पा ५: सहीआधी थांबायच्या दोन जागा

'आ साल्दो ए क्विएतान्त्सा'. नोकरी सोडताना किंवा नुकसानभरपाई घेताना हे शब्द असलेला कागद पुढे येऊ शकतो. अर्थ असा की मला सगळे मिळाले, हिशोब बेबाक. आकडा बरोबर असेल तर हरकत नाही. पण जादा तासांचे, सुट्ट्यांचे किंवा काम सोडताना मिळणाऱ्या रकमेचे काही राहिले असेल, तर 'नुसती पावती आहे' या बोलण्यावर सही करू नका. कागदाची प्रत मागा आणि कामगार संघटनेच्या किंवा पात्रोनातोच्या (कामगारांना मदत करणाऱ्या संस्थेच्या) कार्यालयात दाखवा. कायद्याने किंवा सामूहिक कराराने दिलेले हक्क सोडणाऱ्या कागदाला दिवाणी संहितेच्या कलम २११३ खाली आव्हान देता येते, पण साधारणपणे सहा महिन्यांत. आणि संघटनेच्या किंवा कामगार खात्याच्या समोर रीतसर झालेल्या तडजोडीला ती सोय नाही.

'साल्दो ए स्त्राल्चो'. थकलेल्या कर्जात धनको कमी रकमेवर प्रकरण मिटवायला तयार होतो, त्याला असे म्हणतात. इथे साल्दो म्हणजे मूळ देण्यापेक्षा कमी पैशात पूर्ण फेड. त्याची लेखी संमती हातात येण्याआधी एक युरोही पाठवू नका. तोंडी कबुलीवर पाठवलेले पैसे जुन्या कर्जाचा साधा हप्ता म्हणूनही जमा धरले जाऊ शकतात.

## टप्पा ६: दुकानाच्या काचेवरचे साल्दी

हा सोपा अर्थ, पण थोडे नियम आहेत. साल्दी म्हणजे कधीही लागणारी सूट नव्हे. ते वर्षातून दोनदा, प्रांताने ठरवलेल्या काळात लागतात. हिवाळ्याचे बहुतेक ठिकाणी ६ जानेवारीच्या एपिफनीच्या सणाआधी सुरू होतात, उन्हाळ्याचे जुलैच्या पहिल्या शनिवारी. इतर वेळच्या सवलतीला 'प्रोमोत्सियोने' म्हणतात, दुकान बंद होत असेल तर 'लिक्विदात्सियोने'.

लेबलवर मूळ किंमत, सवलतीची टक्केवारी आणि अंतिम किंमत हे तिन्ही पाहा. २०२३ पासूनच्या नियमानुसार आधीची किंमत म्हणून मागच्या ३० दिवसांतली सर्वात कमी किंमत दाखवायची असते. 'फीनो आल ५०' म्हणजे ५० टक्क्यांपर्यंत, सगळ्यावर ५० नव्हे.

माप चुकले म्हणून कपडा बदलून देणे दुकानदाराच्या मर्जीवर असते. कपडा सदोष निघाला तर मात्र सेलचे कारण चालत नाही, दोन वर्षांची कायदेशीर हमी तिथेही लागू आहे. त्यासाठी पावती जपा.

## टप्पा ७: जिथे पैसाच नाही

'मानो साल्दा' म्हणजे न थरथरणारा हात. 'तेनेर्सी साल्दो' म्हणजे घट्ट धरून राहणे, हलत्या बसमध्ये हे ऐकायला मिळेल. साल्दारे या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत: देणे चुकते करणे आणि धातूला डाग देणे किंवा वेल्डिंग करणे. साल्दातोरे म्हणजे वेल्डर. म्हणून कारखान्याच्या जाहिरातीत हा शब्द दिसला तर हिशोबनिसाने अर्ज करू नये.

'ओ उन कोन्तो दा साल्दारे कोन लुई' हे कोणी दात आवळून म्हणाला तर त्याचे बिल थकलेले नाही, त्याला जुना हिशोब चुकता करायचा आहे. आपल्याकडे म्हणतात तसाच.

वर्तमानपत्रात लोकसंख्येच्या बातमीत 'साल्दो नातुराले' किंवा 'साल्दो मिग्रातोरियो' वाचाल. पहिल्यात जन्मातून मृत्यू वजा, दुसऱ्यात येणाऱ्यांतून जाणारे वजा.

## टप्पा ८: आता तुम्ही लिहा

उत्तर लिहिताना तीन वाक्ये पुरतात, आणि ती एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

किती उरले ते विचारायचे असेल तर: 'क्वान्तो रेस्ता दा साल्दारे?' टप्पा २ मध्ये अडलात तर हेच विचारा. उत्तरात शून्य आले तर देणे नाही, आकडा आला तर ती तुमच्याकडची बाकी.

थोडे पैसे पाठवलेत: 'ओ वेर्सातो उन आक्कोन्तो'.

सगळे दिलेत: 'ओ साल्दातो'. हे शेवटचा युरो खात्यातून गेल्यावरच लिहा, सोबत हस्तांतराची पावती जोडा, आणि उलट टपाली 'रिचेवूता आ साल्दो', म्हणजे पूर्ण रक्कम पोहोचल्याची पावती, मागून घ्या. घर सोडताना अनामत परत मागायला हाच कागद लागतो.